कोण जिंकणार, तेवढं सांगा

"ताई, मी एमएसईबीत लागलो आणि महावितरणमधून निवृत्त झालो. कराडला असतो. मुलगी सव्वीस वर्षांची. पुण्यात बी.ई. केलं, तीन वर्षं हिंजवडीला आयटीत नोकरी करते. तिला अमेरिकेत एमएसला अॅडमिशन मिळाली आहे. खर्च पंचावन्न लाखांच्या घरात. बँक कर्ज देते म्हणते, पण घर तारण ठेवावं लागेल. त्याच वेळी बंगळुरूच्या एका छोट्या कंपनीनेही तिला बोलावलं आहे. ते भारतीय भाषांची, चॅटजीपीटीसारखी एआय मॉडेलं बनवतात. पगार आत्तापेक्षा थोडा कमीच. घरात रोज वाद. मेव्हणे म्हणतात, एआयच्या शर्यतीत अमेरिका संपली, चीन पुढे गेला, तिथे पैसे घालू नका. न्यू जर्सीचा पुतण्या म्हणतो, दार बंद व्हायच्या आत पाठवा. धाकटा भाऊ फौजेतून आलेला. तो म्हणतो, देश या शर्यतीत मागे पडलाय आणि आपली पोरगी दुसऱ्यांची मशीन चालवायला निघाली. मुलगी फार बोलत नाही. एकदाच म्हणाली, 'मला भाषेचं काम आवडतं बाबा, पण माझं गणित कमी पडतं.' तुम्ही या विषयातल्या आहात. ही शर्यत शेवटी कोण जिंकणार तेवढं सांगा, म्हणजे त्या बाजूला पैसे घालतो."
— एक बाप, कराड

नमस्कार दादा,

तुमचं शेवटचं वाक्य वाचून हसले खरी, पण त्यात वेडगळ असं काही नाही. जगातल्या मोठमोठ्या फंडांनी हाच प्रश्न विचारून पैसे लावलेत, आणि त्यांचं काय होतं ते २७ जानेवारी २०२५ ला दिसलं. आठवडाभर आधी हांगचौ शहरातल्या डीपसीक या चिनी कंपनीने आर१ नावाचं मॉडेल कोणालाही उतरवून घेता येईल असं खुलं केलं होतं. त्या सोमवारी अमेरिकेचा बाजार उघडला आणि एनव्हिडिया या चिप कंपनीचं बाजारमूल्य दिवसभरात जवळपास ५९० अब्ज डॉलरनी उतरलं. एका कंपनीची एका दिवसात एवढी घसरण तिथे त्याआधी कधी झाली नव्हती. अमेरिका संपली, असं तेव्हा पुष्कळांनी लिहिलं. मेव्हण्यांचा सूर बहुधा तिथलाच. मग त्याच वर्षी जुलैत तीच एनव्हिडिया ४,००० अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडणारी जगातली पहिली कंपनी ठरली. ज्यांचा हा पोटापाण्याचा धंदा आहे त्यांना सहा महिन्यांपुढचं दिसलं नाही. तुमचं कर्ज फिटायला दहा-बारा वर्षं लागणार.

मेव्हण्यांनी ऐकलेला आकडा कोणता असेल तेही सांगते: "चीनने ५६ लाख डॉलरमध्ये मॉडेल बनवलं." हा आकडा डीपसीकच्या आधीच्या, डिसेंबर २०२४ च्या मॉडेलचा. २,०४८ चिपांवर मॉडेलची शेवटची शिकवणी (ट्रेनिंग) जितके तास चालली, त्या तासांचं भाडं धरून काढलेला. आधीचं संशोधन, फसलेले प्रयोग यांचा खर्च यात नाही, असं कंपनीच्याच शोधनिबंधात लिहिलेलं आहे. लग्नाला किती खर्च आला म्हणून विचारावं आणि कोणी फक्त जेवणाच्या पानांचा हिशेब सांगावा, तसा तो आकडा व्हॉट्सअॅपवर फिरला.

तरी मेव्हणे सगळेच चुकीचे नाहीत. चीनने जुलै २०१७ मध्ये २०३० पर्यंत या क्षेत्रात जगात पहिलं यायचं, असा सरकारी आराखडाच काढला. त्याच्या दोन महिने आधी वूचेन गावात गुगलच्या प्रोग्रामने चीनच्या को जिए या, गो नावाच्या पटावरच्या खेळाच्या अव्वल खेळाडूला ३-० ने हरवलं होतं, आणि त्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण चीनमध्ये बंद ठेवलं गेलं होतं. अपमान कुठे लागला असेल याची कल्पना करा. आज अलिबाबाची, डीपसीकची खुली मॉडेलं जगभरचे इंजिनिअर उतरवून घेऊन वापरतात, त्यात आपल्याकडचेही आले. दुसरीकडे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात २०२४ चे आकडे असे आहेत: एआयमधली खासगी गुंतवणूक अमेरिकेत १०९ अब्ज डॉलर, चीनमध्ये ९ अब्जांच्या थोडी वर, दखल घ्यावी अशी मॉडेलं अमेरिकेची ४०, चीनची १५. पैशात बारापट अंतर, मॉडेलांच्या संख्येत तिप्पटही नाही, आणि प्रत्यक्ष कामात तर ते काही महिन्यांवर आलेलं. याला "पुढे गेला" म्हणायचं की "मागे आहे", हे ज्याने त्याने आपल्या स्वभावाप्रमाणे ठरवावं. (सप्टेंबर २०१७ मध्ये पुतिन यांनी शाळकरी मुलांसमोर सांगितलं होतं की एआयमध्ये जो पुढे जाईल तो जगावर राज्य करेल. ते वाक्य अजून सगळीकडे उद्धृत होतं. रशिया मात्र या यादीत शोधावा लागतो.)

तुम्ही वीज खात्यातले, तेव्हा एक गोष्ट तुम्हाला टीव्हीवरच्या तज्ज्ञांपेक्षा चांगली कळेल. ही सगळी हुशारी शेवटी लोडवर येते. टेक्सासमधल्या अॅबिलीन इथे चॅटजीपीटीवाली ओपनएआय आणि ओरॅकल या कंपन्यांसाठी जे डेटा सेंटर उभं राहतंय, त्याची आखणी १,२०० मेगावॅटची आहे. तुमच्या शेजारच्या कोयनेची सगळी वीजगृहं मिळून १,९६० मेगावॅट. आणि कोयना चालते ती मुख्यतः विजेची मागणी शिगेला असते तेव्हा. हे गिऱ्हाईक दिवसरात्र ओढणार, रात्री दोनलाही उतरणार नाही. ही सोय अमेरिकेला आता जड जाते आहे. नवी लाइन टाकायची, सबस्टेशन उभं करायचं म्हटलं की किती वर्षं जातात, हे तुम्हाला मी काय सांगू. चीन वर्षाला सुमारे १०,००० अब्ज युनिट वीज निर्माण करतो, अमेरिका ४,४०० च्या आसपास. म्हणजे चिप अमेरिकेकडे आणि वीज चीनकडे.

"अमेरिकेकडे" हेही अर्धंच खरं. एनव्हिडिया चिपची रचना कॅलिफोर्नियात करते. चिप तयार होते मुख्यतः तैवानमध्ये, टीएसएमसीच्या कारखान्यात. तिथलं चिपवर बारीक नक्षी उमटवणारं यंत्र नेदरलँड्सच्या फेल्डहोफेन गावातल्या एएसएमएल कंपनीचं, आणि असं यंत्र जगात दुसरं कोणी बनवत नाही. त्या यंत्रातले आरसे जर्मनीच्या झाइसचे. चिपला जोडलेली मेमरी बरीचशी दक्षिण कोरियाची. यातला एकही धागा तुटला तर पहिल्या नंबरवाल्यालाही घरी बसावं लागेल. आणि माणसं? आजची ही सगळी मॉडेलं ज्या रचनेवर उभी आहेत, ती २०१७ मध्ये गुगलमधल्या आठ जणांच्या निबंधातून आली. त्यांतल्या एक निकी परमार. त्यांचं इंजिनिअरिंग पुण्याच्या पीआयसीटी कॉलेजमधलं. आता तो निबंध कोणत्या देशाच्या खात्यात मांडायचा? तेव्हा पैसे कोणत्या बाजूला घालू म्हणता, तर घालायला बाजूच शिल्लक नाही. देश आहेत, त्यांची भांडणं खरी आहेत, पण तुमच्या मुलीचं भवितव्य त्या निकालाला बांधलेलं नाही.

पुतण्याचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. दार खरंच हलतंय. मात्र ते बंदच होतंय असं नाही. कोणीतरी सारखं उघडझाप करतंय, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. चिपांचं बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला सगळ्यात ताकदवान चिपा द्यायला बंदी घातली. एनव्हिडियाने नियमात बसतील अशा जरा मंद चिपा खास चीनसाठी काढल्या. वर्षभराने त्यांच्यावरही बंदी आली. मग आणखी मंद अशी एच२० काढली. एप्रिल २०२५ मध्ये ती अडवली, जुलैत सोडली, तर चीननेच आपल्या कंपन्यांना ती घेऊ नका म्हणून बजावलं. डिसेंबरमध्ये तिच्याहून कितीतरी दमदार चिप द्यायला ट्रम्प यांनी होकार दिला, विक्रीतले २५ टक्के सरकारला मिळणार या अटीवर. भारताच्या वाट्यालाही यातलं आलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये बायडेन सरकारने जाता जाता देशांच्या तीन पंक्ती ठरवल्या. वरच्या पंक्तीत अठरा देश, त्यांना हव्या तेवढ्या चिपा; आपण मधल्या पंक्तीत, मोजून मापून. हा नियम लागू व्हायच्या आधीच, मे महिन्यात, पुढच्या सरकारने तो गुंडाळला.

माणसांचंही तसंच. एमएसनंतर या विषयातल्या विद्यार्थ्याला साधारण तीन वर्षं तिथे काम करता येतं. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, तो वर्षाला ८५,००० जणांना. सप्टेंबर २०२५ मध्ये एका रात्रीत जाहीर झालं की नव्या एच-१बीच्या अर्जाला १ लाख डॉलर भरावे लागतील. लोक विमानतळावरून माघारी फिरले. महिन्याभराने खुलासा आला की तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना ही रक्कम नाही. तुमची मुलगी ऑगस्टमध्ये गेली, दोन वर्षांनी पास झाली आणि तीन वर्षं काम केलं, तर एवढ्या काळात हे नियम किती वेळा पालटतील याचा अंदाज न्यू जर्सीत बसूनही येणार नाही. पुतण्या गेला तेव्हाचा हिशेब आता लागू पडत नाही. त्याला विचारा, तो गेला तेव्हा घर तारण होतं का.

आता तुमचे धाकटे बंधू. त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट, आपल्या पुण्यातलीच.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात हवामानाच्या अंदाजासाठी भारताला अमेरिकेकडून क्रे महासंगणक हवा होता. आपण मागितलेलं दमदार मॉडेल त्यांनी नाकारलं आणि खालच्या ताकदीचं दिलं, कारण असा संगणक अण्वस्त्रांच्या गणितांनाही चालतो. १९८८ मध्ये सरकारने पुण्यात सी-डॅक स्थापन केली, विजय भटकर यांना प्रमुख केलं आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. ही गोष्ट दर पंधरा ऑगस्टला सांगितली जाते आणि सांगावीच. फक्त सांगणारे एक तपशील गाळतात: परममधल्या चिपा ब्रिटिश होत्या, इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर. आपण काय केलं, तर एका मोठ्या यंत्राऐवजी अनेक छोट्या चिपा एकत्र जोडून त्यांच्याकडून मोठं गणित करून घेतलं. जोडण्याची अक्कल आपली, सुटे भाग बाहेरचे. डीपसीकनेही मंद चिपांवर असंच काहीसं करून दाखवलं. पण नाकारलं म्हणजे देश आपोआप पुढे जातो, असं यातून काढू नये. परमनंतरही महासंगणकात अमेरिका पुढेच राहिली. आपल्याला मिळालं ते वेगळं: ज्यांच्या हातांना ते काम माहीत आहे अशी काही शे माणसं. आज आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने भारतीय भाषांच्या मॉडेलांचं, भारतजेनचं काम चालू आहे, केंद्र सरकारच्या इंडियाएआय मिशनला मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपये मंजूर झाले, ३८,००० जीपीयू, म्हणजे एआयला लागणाऱ्या चिपा, जमवून तासाला साधारण ६५ रुपयांच्या सवलतीच्या दराने दिले जाताहेत. एवढ्याने आपण अमेरिकेच्या बरोबरीला येत नाही. अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये एकाच कंपनीने २०२४ मध्ये एका ठिकाणी १ लाख जीपीयू बसवले. पण आपली अडचण मुख्यतः मशीनची आहे असं मला वाटत नाही. मशीन भाड्याने मिळतं. त्या मशीनवर मॉडेल शिकताना मध्येच का बिघडलं, हे सांगू शकणारा माणूस मिळत नाही.

फौजी काकांना म्हणावं, पुतणीला ते काम येऊ दे. ते ती कुठे शिकली याचा हिशेब नंतर मागा. आणि तिच्या जेवणाच्या ताटासमोर देशभक्तीचा विषय काढू नका. सव्वीस वर्षांच्या मुलीने पगार, कर्ज, शिक्षण यांच्या जोडीला राष्ट्राची पत पण सांभाळावी, ही अपेक्षा तुमच्या मुलाकडून ठेवली असती का, हेही एकदा मनाशी विचारा.

आता तिचं वाक्य. सगळ्या पत्रात कामाचं तेवढंच आहे: भाषेचं काम आवडतं, गणित कमी पडतं. दादा, आपण काय करायचं हे या मुलीला बऱ्यापैकी ठाऊक आहे.

भाषेचं काम म्हणजे काय, ते एका आकड्यावरून सांगते. ही मॉडेलं मजकूर अख्ख्या शब्दांनी वाचत नाहीत, तुकडे करून वाचतात, आणि पैसेही तुकड्यांवर लागतात. ओपनएआयने मे २०२४ मध्ये नवं मॉडेल काढलं तेव्हा स्वतःच एक तक्ता दिला. ओळख करून देणारं एक छोटंसं वाक्य. इंग्रजीत त्याचे जुन्या पद्धतीने २७ तुकडे होत, मराठीत ९६. नव्या पद्धतीने इंग्रजीत २४, मराठीत ३३. म्हणजे तोवर मराठी माणूस तेच बोलायला साडेतीनपट मोजत होता आणि त्याला पत्ताही नव्हता. हे कोणी मराठीच्या प्रेमाने दुरुस्त केलं नाही. भारतात गिऱ्हाईक आहे म्हणून केलं. पण ते करायला देवनागरीत जोडाक्षर कुठे तुटतं आणि विभक्ती शब्दाला कशी चिकटते हे बघणारं कोणीतरी लागतं. पुण्यात एल३क्यूब नावाच्या गटाने विद्यार्थ्यांना हाताशी धरून मराठी मजकुराचे संच जमवले, त्यांवर भाव ओळखणारी, नावं ओळखणारी मॉडेलं शिकवली आणि सगळं खुलं ठेवलं. त्यांच्याकडे मेम्फिससारखी इमारत नव्हती. तुमची मुलगी हे काम बंगळुरूतही करू शकेल आणि कॅलिफोर्नियातही. मॉडेल कोणत्याही देशाचं जिंको, त्याला मराठी नीट यावी म्हणून तिच्यासारखीची गरज पडेलच.

राहिलं गणित. माझं मत स्पष्ट सांगते: घर तारण ठेवून हे एमएस करू नये. अमेरिका संपली म्हणून नव्हे. तिथली बहुतेक एमएस ही स्वतःच्या खर्चाची, ठरावीक विषय घेऊन पास व्हायची पदवी असते. तिला हवं ते खोल गणित संशोधनाच्या कामात येतं आणि ते काम मुख्यतः पीएचडीला मिळतं. पीएचडीला तिथली चांगली विद्यापीठं फी घेत नाहीत, उलट स्टायपेंड देतात. त्या वाटेने जायचं तर आधी हातात संशोधनाचं काहीतरी असावं लागतं. बंगळुरूची कंपनी ते देऊ शकेल, किंवा देणार नाही. ते तिने जाऊन पारखायचं आहे. नवी मॉडेलं शिकवणारं तिथे नक्की कोण आहे, ते आधी काय करून आलेत, ती कोणाच्या हाताखाली बसणार, जीपीयूचे तास तिच्या प्रयोगांना मिळणार की फक्त डेमो बनवायला, निबंध छापू देतात का, पुढच्या दोन वर्षांचा पगार द्यायला पैसे आहेत का. शेवटचा प्रश्न विचारायला ती लाजेल. तिला सांगा, विचार. दुसऱ्यांच्या मॉडेलवर भारतीय नावाची पाटी लावणाऱ्या कंपन्याही या गर्दीत आहेत. तिथे गेली तर दोन वर्षांनी गणित आहे तिथेच राहील.

ती कंपनी पोकळ निघाली तर तिसरी वाट आहे, जी तुमच्या घरात कोणाला सुचलेली दिसत नाही. गेट परीक्षा देऊन आयआयटीत एमटेक किंवा संशोधनाची एमएस. तिथेही दरमहा स्टायपेंड मिळतो. बंगळुरूतल्या काही मोठ्या परदेशी प्रयोगशाळा पीएचडीच्या आधी एक-दोन वर्षांसाठी पगारी संशोधन सहायक घेतात. जागा कमी असतात, पण अर्ज करायला पैसे पडत नाहीत. यातून पुढे ती अमेरिकेला गेली, सिंगापूरला गेली, झुरिकला गेली, तर स्वतःच्या कामावर जाईल, कराडच्या सात-बाऱ्यावर नाही.

एकच परिस्थिती अशी आहे की मी माझं मत फिरवीन. त्या विद्यापीठात तिला भाषेवर काम करणाऱ्या कोण्या प्राध्यापकाने पत्राने कळवलं असेल की ये, माझ्याकडे काम आणि निम्मी तरी फी देतो, तर हिशेब पुन्हा मांडा. असं पत्र आलंय का, हे तिला विचारा. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण ती फार बोलत नाही असंही तुम्हीच लिहिलंय.

आणि अॅडमिशन सोडून देऊ नका. बरीच विद्यापीठं एक वर्ष प्रवेश पुढे ढकलू देतात. त्यासाठी विनंतीची मेल डिपॉझिट भरायच्या मुदतीआधी जायला हवी, आणि ती मुदत अनेक ठिकाणी एप्रिलच्या मध्याला संपते. मेल तिची तिलाच लिहू द्या. तुम्ही तेवढ्यात बँकेला कळवा की तूर्त घराची कागदपत्रं देत नाही.